फरशी कोरडी राहावी म्हणून : स्वच्छता यंत्राच्या रचनेतील सुधारणांचा एक अभ्यास



वार्षिक अहवाल हाती आला की वाचकाचे लक्ष प्रथम शस्त्रक्रियांच्या संख्येकडे, नव्या विभागाच्या छायाचित्राकडे आणि ताळेबंदाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. 'यंत्रसामग्री' या शीर्षाखालील फरशी धुण्याच्या यंत्राची ओळ मात्र कोणी वाचत नाही. कित्येक वर्षे मीही ती वाचली नव्हती. फक्त लिहिली होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्राची किंमत, घसारा आणि देखभाल करार एवढाच माझा यंत्रांशी संबंध. हा समज एका अपघाताने दूर केला. त्यातून झालेला अभ्यास येथे मांडत आहे. कारण ज्या पैशातून ही यंत्रे घेतली जातात तो आपणा सर्वांचा आहे.

एक अपघात आणि त्याचे कारण

काही वर्षांपूर्वी आलेल्या दरपत्रकांतील सर्वांत कमी किमतीचे स्क्रबर यंत्र आम्ही घेतले. मंजुरीच्या कागदावर सही माझी होती. एके दिवशी सकाळी पतीसाठी घरून पेज घेऊन आलेल्या एक वयस्कर बाई मधल्या मार्गिकेच्या वळणावर पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. आजारी माणसाच्या सोबतीस आलेली व्यक्ती आमच्याच अस्थिरोग विभागात दाखल झाली. उपचाराचा खर्च संस्थेने केला. पण ज्या घरात आधीच एक माणूस अंथरुणाला खिळलेला होता, त्या घराची झालेली ओढाताण कोणत्याही खतावणीत मांडता आली नाही.

प्रथम सर्वांनी सफाई कामगार मावशींना दोष दिला. त्यांनी शांतपणे एवढेच सांगितले, "साहेब, सरळ वाटेवर मशीन पाणी ओढतं, वळलं की सोडतं. मी रोज मागून फडकं मारते, त्या दिवशी कोपरा राहिला." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागून चालत गेलो. सरळ भागात फरशी कोरडी होती. प्रत्येक वळणावर मात्र बाहेरच्या बाजूने पाण्याचा कोयत्याच्या आकाराचा एक पट्टा मागे राहत होता. दोष माणसाचा नव्हता, रचनेचा होता.

ओले करणे सोपे, कोरडे करणे अवघड

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात कोरड्या फडक्याने झटकण्याच्या पद्धतीवर टीका केली आहे. अशाने धूळ जात नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी बसते, हा त्यांचा मुद्दा. बर्लिनमधील लाखेसारखा लेप दिलेल्या जमिनी रोज सकाळी आधी ओल्या व मग कोरड्या पुसल्या जातात, याचा त्यांनी पसंतीने उल्लेख केला आहे. आपल्याकडे गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन स्वच्छता ही सेवा आहे हे शिकवले. रुग्णालयात मात्र कोरडा झाडू चालत नाही, कारण उडालेल्या धुळीबरोबर जंतूही उडतात. म्हणून आधी ओले आणि मग कोरडे, हाच नियम.

हवा ओढून धूळ गोळा करण्याच्या यंत्राचे एकस्व ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली घेतले. आजच्या स्क्रबर-ड्रायर यंत्रात हीच ओढ पाण्यासाठी वापरलेली असते. हे यंत्र एका फेरीत चार कामे करते. ते स्वच्छ द्रावण सोडते, ब्रशने घासते, मळके पाणी रबरी पात्यांनी एकत्र करते आणि ते ओढून दुसऱ्या टाकीत साठवते. बादली आणि फडक्याने पुसताना काही फेऱ्यांनंतर मळक्याच पाण्याने पुसले जाते. येथे दोन टाक्या वेगळ्या असल्याने ते टळते. मात्र चारपैकी एक काम जरी बिघडले तरी उरलेल्या तिन्ही कामांचा लाभ जातो.

पाण्याचा हिशेब

आमच्या यंत्रात द्रावण केवळ उतारामुळे, एकाच वेगाने पडत असे. समजा, मिनिटाला २ लिटर पाणी पडते. कामगार मिनिटाला ६० मीटर चालत असेल तर दर मीटरला सुमारे ३३ मिलिलिटर पाणी पडेल. वळणावर वेग २० मीटरवर आला की त्याच एका मीटरवर १०० मिलिलिटर, म्हणजे तिप्पट पाणी पडेल. जेथे ओढण्याची क्षमता सर्वांत कमी, नेमके तेथेच पाणी सर्वांत जास्त. अपघाताचे अर्धे कारण येथे सापडले. सुधारित यंत्रांत चालण्याच्या वेगानुसार पाणी कमी-जास्त होते आणि यंत्र थांबताच ते बंद होते. त्यामुळे पाणी व साबण दोन्हींची बचत होते.

रबरी पाती आणि वळण

उरलेले अर्धे कारण यंत्राच्या मागील बाजूस होते. तेथे धनुष्याकृती पट्टीत दोन रबरी पाती बसवलेली असतात. या भागास स्क्वीजी म्हणतात. पुढील पात्याला खाचा असतात, त्यांतून पाणी आत येते. मागील पाते अखंड असते, ते पाणी अडवते. वक्रतेमुळे पाणी मध्यभागी जमते आणि तेथील नळीतून वर ओढले जाते.

जुन्या रचनेत ही पट्टी ब्रशच्या बरीच मागे, एका ठरावीक जागी जोडलेली असे. यंत्र वळले की ब्रश बाहेरच्या वर्तुळावर जाई आणि पट्टी आतल्या बाजूस राही. लांब गाडी वळताना तिचे मागले चाक आत येते, तसाच हा प्रकार. ब्रशने ओली केलेली बाहेरची कड पात्याच्या आवाक्यातच येत नसे. सुधारित रचनेत पट्टी ब्रशच्या मध्याभोवती फिरू शकते. यंत्र वळले की तीही सरकते आणि ब्रशची ओली वाट सोडत नाही. काही रचनांत अडथळ्याला अडकल्यास पट्टी आपोआप निखळते. पलंगाच्या पायाला लागून ती वाकण्याचा धोका त्यामुळे राहत नाही.

पात्याविषयी आणखी एक उपयुक्त गोष्ट. अनेक यंत्रांत एका पात्याच्या चारही कडा वापरता येतात. एक कड झिजली की पाते उलटावे. ही माहिती नसल्याने आम्ही पहिल्या वर्षी चांगली पाती फेकून दिली, हे प्रांजळपणे नमूद करतो.

ब्रश : तबकडी की रूळ?

साध्या एकतबकडी यंत्राची तबकडी सुमारे ४३ सेंटिमीटर व्यासाची असते आणि मिनिटाला साधारण १५० ते १७५ फेरे घेते. तिचा कडेचा भाग वेगाने फिरतो, पण केंद्राजवळचा वेग शून्याकडे जातो. म्हणून एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवून घासावे लागते.

दुसरी रचना आडव्या रुळासारख्या ब्रशांची. यात वजन मोठ्या वर्तुळावर न पसरता अरुंद पट्टीवर येते. उदाहरणार्थ, ४० किलो वजन ४३ सेंटिमीटरच्या तबकडीखाली पसरले तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८ ग्रॅम भार येईल. तेच वजन ५० सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्यांवर आले तर भार २०० ग्रॅम होईल. त्यामुळे रुळाचे केस लाद्यांच्या सांध्यांत शिरतात. जुन्या शहाबादी फरशीच्या रुंद सांध्यांना रूळ अधिक उपयोगी; गुळगुळीत, अखंड जमिनीला तबकडी पुरेशी.

हाताला कळणारी सुधारणा

एकतबकडी यंत्राला पुढे नेणारी चाके नसतात. मूठ किंचित उचलली की यंत्र एका बाजूला व दाबली की दुसऱ्या बाजूला सरकते. वरून पाहता तबकडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल तर मूठ उचलल्यावर पुढच्या कडेवर भार येतो. ती कड डावीकडे फिरत असल्याने घर्षणामुळे यंत्र उजवीकडे ढकलले जाते. हे तत्त्व न शिकवता नव्या कामगाराच्या हाती यंत्र दिले तर तो ताकदीने त्याच्याशी झगडतो आणि संध्याकाळी खांदा धरून बसतो.

येथे गिअरची रचना महत्त्वाची ठरते. ग्रहमालिकेसारख्या मांडणीच्या गिअरमध्ये भार अनेक दातांवर वाटला जातो. मोटर आणि तबकडी एका रेषेत येत असल्याने वजन मध्यावर राहते आणि यंत्र एका अंगाला ओढत नाही. त्याला उंची बदलता येणारी मूठ आणि मूठ सोडताच मोटर बंद करणारा खटका यांची जोड मिळाली, तर पाच फूट उंचीच्या मावशीही दोन तास काम करू शकतात. यंत्र कोणाच्या हातात राहणार आहे, हा प्रश्न खरेदीच्या बैठकीत प्रथम विचारला पाहिजे.

टाकी, आवाज आणि विद्युतघट

मळक्या पाण्याची टाकी रात्रभर भरलेली राहिली तर ते जंतूंचे आगर होते. म्हणून तोंड रुंद, आतील पृष्ठभाग गुळगुळीत, तळाला उतार आणि हात आत घालून धुता येईल अशी जागा, ही टाकीची परीक्षा. टाकी भरताच ओढ बंद करणारा तरंगता गोळाही हवा. अन्यथा पाणी मोटरीत शिरते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. सामान्य स्क्रबरजवळ ६५ ते ७० डेसिबल आवाज असू शकतो. ओढ देणाऱ्या मोटरीभोवती ध्वनिशोषक अस्तर, हवा बाहेर पडण्याच्या मार्गावर आवाजरोधक आणि कमी वेगाने चालण्याची सोय, या तीन उपायांनी तो उतरतो. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मी जाणवते. झोपेच्या गोळीने डोळा लागलेल्या रुग्णाला या निम्म्याचे मोल कळते. तरीही वॉर्डालगत यंत्र रात्री चालवू नये, हेच श्रेयस्कर.

वायर असलेल्या यंत्रात ओल्या जमिनीवर वीज आणि पायात अडकणारी वायर, असे दोन धोके असतात. विद्युतघटावर चालणाऱ्या यंत्रांत ते टळतात. शिसे-आम्ल प्रकारच्या साध्या घटात शुद्ध पाणी घालावे लागते आणि भारित होताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून हवेशीर खोली हवी. लिथियम घट महाग, पण हलके, आणि दोन पाळ्यांमधल्या वेळातही भारित करता येतात.

खरेदीपूर्वीची आमची परीक्षा

आता आम्ही विक्रेत्याच्या पुस्तिकेवर विसंबत नाही. यंत्र आमच्याच मार्गिकेत, आमच्याच कामगारांच्या हाती देऊन पुढील गोष्टी पाहतो :

१) उजवे व डावे वळण घेतल्यावर लगेच जमिनीवर वर्तमानपत्राचा कागद दाबावा. कागद भिजला तर यंत्र नापास.
२) मोजून एक लिटर पाणी जमिनीवर ओतावे, ओढून घ्यावे आणि टाकीतून काढून पुन्हा मोजावे.
३) हत्यारांशिवाय पाते काढून उलटे बसवता येते का, हे कामगाराने करून पाहावे.
४) टाकी रिकामी करून धुण्यास किती मिनिटे लागतात ते पाहावे.
५) उद्वाहनात, उतरणीवर आणि पलंगाखाली यंत्र कसे वागते ते पाहावे.

एक मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. रक्त वा अन्य शारीरिक द्राव सांडला असता त्यावरून यंत्र कदापि नेऊ नये. ते पसरवण्याचेच काम होईल. प्रथम हातमोजे घालून द्राव टिपावा, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने ती जागा निर्जंतुक करावी, आणि मगच नेहमीची स्वच्छता. शस्त्रक्रियागृहाची साधनेही स्वतंत्रच असावीत.

शेवटी जमाखर्च

समजा, एक यंत्र १ लाख २० हजार रुपयांचे आहे आणि ४ वर्षे टिकते. दुसरे २ लाखांचे आहे आणि ८ वर्षे टिकते. सरळ पद्धतीने पहिल्याचा वार्षिक घसारा ३० हजार, दुसऱ्याचा २५ हजार. म्हणजे दरपत्रकात स्वस्त दिसलेले यंत्र पुस्तकात महाग ठरते. हे गणित मला महाविद्यालयातच शिकवले होते. खरेदीच्या दिवशी मी ते केले नाही. दुसऱ्या वेळी केले, आणि विश्वस्त मंडळाने अधिक किमतीच्या यंत्रास मंजुरी दिली. त्या बैठकीस मावशींनाही बोलावले होते. वळणावरचा कागद त्यांनीच उचलून सर्वांना दाखवला. तो कोरडा होता.

त्या वयस्कर बाई पुढे काठी घेऊन चालू लागल्या. तपासणीस आल्या की मधल्या मार्गिकेच्या वळणावर त्या अजूनही क्षणभर थांबतात, काठीने फरशी चाचपतात आणि मगच पाऊल टाकतात. त्यांना तसे थांबावे लागू नये, यासाठी या अहवालातील ती एक ओळ आहे. ती आपण वाचावी आणि येता-जाता कोठे ओली फरशी दिसल्यास आम्हास निःसंकोच सांगावे, ही नम्र विनंती.