दधीचींना देवांनी विचारलं होतं



आजचा पाठ : श्रीमद्भागवत, स्कंध ६, अध्याय १०

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वृत्रासुरापुढे देव हरले, दधीची ऋषींकडे गेले, ऋषींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून विश्वकर्म्यानं वज्र घडवलं. पण अध्याय सावकाश वाचला की एक गोष्ट लक्षात येते. दधीची लगेच 'घ्या' म्हणत नाहीत. आधी हसून ते देवांनाच सुनावतात. मरताना जिवाला किती यातना होतात, ठाऊक आहे का तुम्हाला? देह सगळ्यांना प्यारा असतो, खुद्द विष्णूनं मागितला तरी कोण देईल? देव आपली बाजू मांडतात. मग ऋषी म्हणतात, तुमच्या तोंडून धर्म ऐकायचा होता म्हणून तसं बोललो. हा देह एक दिवस मला सोडणारच आहे, तर आजच तुमच्या कामी येऊ दे.

देह देणं सोपं आहे असं भागवत कुठेच म्हणत नाही. म्हणूनच हा अध्याय मला खरा वाटतो.

आता माझं सांगतो. माझं गाव पिंगळी, परभणी जिल्ह्यातलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाची मोटारसायकल घसरली. हेल्मेट नव्हतं. त्याला संभाजीनगरला हलवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूमृत्यू झाल्याचं सांगितलं आणि समन्वयक ताईंनी हळू आवाजात अवयवदानाचं विचारलं. आबांनी, म्हणजे माझ्या काकांनी, माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला हाईस. छाती तर हलायलीय त्याची. तूच सांग बाबा."

मी म्हणालो, "नको आबा."

मला भीती वाटली होती. छाती व्हेंटिलेटरमुळे हलत होती, हे मला नीट कळलेलं नव्हतं. उद्या गावात लोक काय म्हणतील, हेही डोक्यात होतंच. रोज गीता वाचणारा मी. दुसऱ्या अध्यायातला जुन्या वस्त्रांचा दाखला तोंडपाठ. पण वेळ आली तेव्हा तो दाखला माझ्या कामी आला नाही.

नंतर मी माहिती काढली, ती तुमच्यासाठी थोडक्यात देतो.

कोमा आणि मेंदूमृत्यू एक नव्हेत. कोमातला माणूस परत येऊ शकतो, मेंदूमृत्यू झालेला येत नाही. १९९४ च्या कायद्यानुसार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. त्यानंतर एका दात्याचं हृदय, यकृत, दोन मूत्रपिंडं, फुप्फुसं, स्वादुपिंड, आतडं असं मिळून आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात. घरी नैसर्गिक मृत्यू आला तर हे अवयव देता येत नाहीत, पण डोळे देता येतात, साधारण सहा तासांच्या आत. देह सन्मानानं घरच्यांकडे परत येतो, अंत्यविधी नेहमीसारखे होतात. अवयव कुणाला द्यायचे हे प्रतीक्षायादीवरून ठरतं. त्यासाठी महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर अशी चार विभागीय केंद्रं आहेत.

आपल्याकडे कौशल्याची कमी कधीच नव्हती. १९६८ च्या फेब्रुवारीतच मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. तो रुग्ण काही तासच जगला. तेव्हा मेंदूमृत्यूचा कायदा नव्हता, नकार थोपवणारी आजची औषधंही नव्हती. आज दोन्ही आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुंबईला हृदय नेऊन ते यशस्वीपणे बसवलं गेलं. कमी आहे ती फक्त होकाराची. २०२३ मध्ये देशात १८ हजारांहून जास्त प्रत्यारोपणं झाली, पण बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले होते. मृत्यूनंतरचे दाते देशभरात जेमतेम अकराशे, म्हणजे दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हाच आकडा ४५ च्या वर आहे.

"या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होशील," असं आजी म्हणायची. पण तसं असेल तर चितेवर सगळंच जळतं, मग पुढच्या जन्मी कुणाला काय मिळणार? पुढे जातं ते कर्म. आणि दधीचींना तर आपण महर्षी म्हणून पूजतो.

गेल्या एकादशीला गावी होतो. देवळात हाच अध्याय वाचला गेला. परत येताना आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देवायनी ऋषीला इचारलं व्हतं. आपल्या लेकराला आपन कधी इचारलंच न्हाई. तो व्हय म्हनला असता का रं?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही रोज क्रिकेटवर बोलायचो, ह्यावर कधीच नाही.

आजचा बोध मला इथेच सापडतो. दधीचींनी स्वतः, शुद्धीत असताना हो म्हटलं. आपण ते काम आयसीयूबाहेर रडत बसलेल्या आईवर टाकतो. ऑनलाइन नोंदणी केलीत, कार्ड पाकिटात ठेवलंत, तरी शेवटी घरच्यांची संमती विचारली जाते. त्यांना तुमचं मन माहीतच नसेल तर माझ्यासारखंच कुणीतरी घाबरून 'नको' म्हणेल.

आजची साधना : रात्री जेवताना आई-बाबांना हा अध्याय सांगा आणि आपली इच्छा बोलून दाखवा. त्या रागावतील, "अभद्र बोलू नकोस" म्हणतील. रागावू द्या. दधीचींनीही आधी देवांना सुनावलंच होतं. त्या रात्री आबांना आणि माझ्या आईला मी माझा होकार सांगितला. आई उठून आत गेली. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "माझेबी डोळे लिहून ठेव."

हे पांडुरंगा, देह तुझाच आहे. तो परत मागशील तेव्हा त्यातलं जे कुणाच्या उपयोगी पडेल, ते देण्याची बुद्धी आम्हाला आणि आमच्या माणसांना दे.

राम कृष्ण हरी.