क्वार्टर सोडताना माणूस काय शोधतो

अगं, साइट सुरू झाल्याचा तुझा मेसेज आला आणि हातातलं काम ठेवून आधी ती उघडली. दिसायला छान झालीय. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, 'महाराष्ट्रातील सर्व प्रकारच्या मालमत्तांचे विश्वसनीय ठिकाण'. ते आजच काढ. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मोठ्या पोर्टलवर जातं, त्यांच्याशी टक्कर घेऊन तुला काही मिळायचं नाही. तुझं गिऱ्हाईक भुसावळजवळ दीपनगरच्या कॉलनीत राहतंय.

तिथल्या औष्णिक वीज केंद्रात कोराडी, चंद्रपूर, परळी, पारसहून बदली होऊन आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. वर्षानुवर्षं क्वार्टरमध्ये काढलेली, मुलं इथंच शिकलेली. निवृत्ती जवळ आली की क्वार्टर सोडायचं असतं, आणि मग रात्री जेवणं आटोपल्यावर नवरा-बायको मोबाइल घेऊन बसतात. फेकरीला प्लॉट घ्यावा, भुसावळात तयार फ्लॅट बघावा, की वरणगावकडे सरकावं? नळाला पाणी किती दिवसांनी येतं? केंद्राची राख अंगणात येते का? रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला किती वेळ लागतो? हेच प्रश्न ते गूगलला विचारतात, तेही बहुतेक वेळा मराठीत, बोलून. या एकेका प्रश्नाला तुझ्या साइटवर एकेक पान हवं. रेल्वेची माणसं, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीतली माणसं, त्यांचीही अडचण हीच.

राखेचं मात्र लपवू नकोस. कुठल्या बाजूला त्रास जास्त, कुठे कमी, ते तिथं राहणाऱ्यांना विचारून सरळ लिही. इतकी वर्षं केंद्रात काढलेल्या माणसाला ते तुझ्याआधी माहीत असतं. तू खरं लिहिलंस की तुझ्या बाकीच्या शब्दावरही तो विश्वास ठेवील.

त्याआधी एक काम आहे, महारेराच्या नोंदणीचं, आणि त्यात मी तुला अजिबात सूट देणार नाही. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा २०१६चा, महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७पासून सुरू झालं. नोंदणी केलेल्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटलाही स्वतःची नोंदणी लागते. आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. दे की, अभ्यासात तू कधी मागे नव्हतीस. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा किंवा घरं आठपेक्षा जास्त नसली तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, पण बाकीच्यांच्या जाहिरातीत महारेराचा नंबर पाहिजेच, आणि ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकलेला फोटोसुद्धा जाहिरातच धरून चाल. बिल्डर म्हणेल, 'ताई, नंबर येतोच आहे, तोवर टाकून द्या.' नाही म्हण. दंडाची भीती आहेच, पण माणसं भविष्यनिर्वाह निधीची सगळी पुंजी त्या फोटोवर विश्वास ठेवून लावतात.

आता प्लॉटच्या पानाचं. तू लिहिलंस, 'उत्तम लोकेशन, भाव फोनवर'. अशा पानावर कोण थांबेल गं? भाव लिही. सातबारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट यांतलं काय काय तू स्वतः डोळ्यांखालून घातलंयस, ते लिही. जमीन वर्ग १ की वर्ग २, ते लिही. नुसत्या सातबाऱ्यावर गुंठा-दोन गुंठे विकणारे तुझ्याकडे येतीलच. त्यांचा माल साइटवर घेऊच नकोस, दलाली कितीही मिळो.

आणि फोटो! मे महिन्यातल्या कोरड्या रस्त्याचा फोटो सगळेच टाकतात. आपल्याकडची काळी माती पावसात काय करते, तुला सांगायला नको. पाऊस लागला की त्याच प्लॉटवर पुन्हा जा आणि स्कूटरचं चाक रुततं की नाही, ते दाखव. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लाव, खाली महिना टाक. सुरतेत किंवा चाकणला नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या पोराला एवढ्यासाठी रजा टाकून यावं लागतं, ती त्याची खेप वाचेल. फोटो आधी लहान मात्र करून घे. तुझं पान माझ्या फोनवर उघडता उघडेना.

गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते, तीही मराठी नावानं कर. खरेदीखत झालं, गिऱ्हाईक खुशीत आहे, तेव्हाच त्याला दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सांग. पैसे देऊन अभिप्राय घेऊ नकोस, मामेभावांकडूनही लिहून घेऊ नकोस, गूगलला ते चालत नाही. पंधरा दिवसांत पहिल्या नंबरवर आणून देतो म्हणणाऱ्यांचे फोन तुला सुरू झाले असतील. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. ते लोक कुठल्या कुठल्या साइटवर तुझ्या लिंका विकत टाकतात, आणि गूगलनं पकडलं की तुझंच नाव खाली जातं. त्या पैशात भुसावळच्या एखाद्या चांगल्या वकिलाकडून 'विसार पावती करण्याआधी काय तपासावं' हे त्यांच्या नावानं लिहून घे. ते पान लोक आपणहून एकमेकांना पाठवतील.

बायकांसाठीही एक पान कर. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एप्रिल २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मात्र ती राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही, हे ठळक लिही. कितीतरी जणींना याचा पत्ताच नसतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, दिवाळीला पुण्या-सुरतेची मंडळी गावी येतात. घरा-जमिनीचं बोलणं निघतं ते तेव्हाच. म्हणून नवी पानं आखाजीच्या महिनाभर आधी तयार ठेव. ऐनवेळी टाकलेलं पान गूगलला सापडेपर्यंत पाहुणे परत गेलेले असतात. विकला गेलेला प्लॉट त्याच दिवशी 'विकला' म्हणून दाखव.

फोन आला की 'आमचं नाव कुठून कळलं?' हे विचारायचं आणि वहीत लिहायचं. सुरुवातीला फोन थोडेच येतील, धीर सोडू नकोस. आधी फेकरीचं एकच पान पुरं कर आणि मला पाठव. मी ते घर घेणारी म्हणून वाचते, आणि जे विचारावंसं वाटेल ते फोन करून तुला विचारते.