दफ्तराची छपाई आणि प्रिंटरची निवड

रत्नागिरी जिल्ह्यातील एका सहकारी पतसंस्थेचे दफ्तर अनेक वर्षे माझ्या देखरेखीखाली होते, आणि त्या काळात कर्जवसुलीच्या खालोखाल ज्या विषयाने माझे चित्त व्यग्र ठेवले तो छपाईचा होता, हे विधान ज्यांनी असे दफ्तर सांभाळलेले नाही त्यांना कदाचित अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु ठेवीदार आयुष्याची शिल्लक संस्थेच्या स्वाधीन करतो आणि तिच्या बदल्यात घरी नेतो तो एक कागद. त्यावरील रक्कम, मुदत आणि वारसाचे नाव सुवाच्य आहे तोवरच त्याच्या मनाला स्वास्थ्य असते. म्हणून प्रिंटरची खरेदी ही संगणकाच्या पाठोपाठ येणारी किरकोळ बाब न मानता दफ्तररक्षणाचे कार्य मानावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आमच्याकडे ती किरकोळ बाबच मानली गेली. रिवाजाप्रमाणे तीन दरपत्रके आली, त्यांचा तुलनात्मक तक्ता संचालक मंडळापुढे गेला, आणि ज्याची किंमत सर्वांत कमी तो शाईचा रंगीत प्रिंटर एकमताने मंजूर झाला. ठेवपावत्या, कर्जरोखे, थकबाकीच्या नोटिसा, सभेची इतिवृत्ते, सारे काही त्याच यंत्रातून निघू लागले. पुढल्या पावसाळ्यात एक वृद्ध बाई मुदत संपलेली ठेवपावती घेऊन आल्या. वाटेत भिजलेल्या त्या पावतीवरील आकडे पसरून एकमेकांत मिसळले होते आणि रक्कम कोणती, तारीख कोणती, हे सांगता येत नव्हते. खतावणीशी रुजवात घालून त्यांचे पैसे त्याच दिवशी अदा करण्यात आले. तथापि ती होईपर्यंत बाकावर बसून राहिलेल्या त्या बाईंच्या मुद्रेवरील भय मी आजही विसरू शकलेलो नाही.

यास्तव, प्रिंटरचे माहितीपत्रक हाती घेण्यापूर्वी आपल्या दफ्तरातील कागदांची यादी करावी, आणि प्रत्येक कागदासमोर तो किती वर्षे टिकावयास हवा व कोणाकोणाच्या हातांतून जाणार आहे, हे लिहून काढावे. ही यादी तयार झाली म्हणजे यंत्राची निवड निम्म्याहून अधिक झालीच. शाईच्या प्रिंटरमध्ये द्रवात विरघळलेल्या रंगाची शाई असेल तर पाणी लागताच ती पसरते. सूक्ष्म रंगकणांची शाई पुष्कळ अधिक तग धरते, आणि कोणती शाई आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. लेझर प्रिंटरची गोष्ट निराळी. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथे स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने कागदावर पहिली कोरडी प्रतिमा उमटविली, आणि तेच तत्त्व लेझर प्रिंटरात आहे: टोनर ही प्लास्टिकयुक्त भुकटी असून ती दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेने वितळून कागदाच्या तंतूंना चिकटते, त्यामुळे पाण्याने ती पसरत नाही. मात्र लवचीक पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात अशी पावती वर्षानुवर्षे राहिली, तर त्या प्लास्टिकमधील द्रव्यांनी टोनर मऊ पडून अक्षरे पाकिटालाच चिकटतात. ज्या प्रदेशात पावसाच्या भीतीने प्रत्येक महत्त्वाचा कागद प्लास्टिकमध्ये ठेवला जातो, तेथे ठेवपावती कागदी लिफाफ्यात घालून द्यावी, आणि लिफाफ्यावर तशी सूचना छापावी. अल्प खर्चात याहून मोठी सेवा दुसरी नाही.

जुना म्हणून हिणविला जाणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मी दफ्तरातून कधीही बरखास्त होऊ दिला नाही. त्याच्या सुया रिबनीवर आघात करून अक्षर कागदात अक्षरशः ठसवितात. कार्बनच्या प्रती एकाच वेळी निघतात. आणि पासबुकाच्या जाड पानांवर तोच खरा उपयोगी पडतो. देवनागरीसाठी मात्र ९ सुयांचे यंत्र घेऊ नये, २४ सुयांचेच घ्यावे, कारण शिरोरेषेवरील रफार, अनुस्वार आणि वेलांटी यांची गर्दी ९ सुयांच्या छपाईत एकमेकांत मिसळते. कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी आपलाच एक मराठी कर्जरोखा, आपण वापरतो त्याच फॉन्टमध्ये, विक्रेत्यासमोर छापून पाहावा. इंग्रजी नमुनापानावरून त्याची परीक्षा होत नाही.

आता जमाखर्चाची बाजू. दरपत्रकात दिसते ती यंत्राची किंमत, आणि ती एकदाच द्यावी लागते. पानामागचा खर्च मात्र रोज द्यावा लागतो. एका टोनरची किंमत ४,००० रुपये असून त्यातून २,००० पाने निघत असतील, तर पानामागे २ रुपये पडतात, आणि महिन्यास ३,००० पाने छापणाऱ्या दफ्तराचा हा खर्च वर्षाला ७२,००० रुपयांवर जातो. त्यापुढे खरेदीच्या वेळी वाचलेले चार-पाच हजार रुपये नगण्य होत. शिवाय काळ्या टोनरच्या पानांची संख्या आयएसओ १९७५२ या प्रमाणकानुसार सांगितलेली असते आणि त्या चाचणीपानाचा जेमतेम ५ टक्के भाग टोनरने व्यापलेला असतो, तर आपल्या तक्त्यांच्या रेषा आणि ठळक मथळे त्याहून कितीतरी अधिक जागा घेतात. यंत्रासोबत मिळणारे पहिले टोनर पुष्कळदा अपुरे भरलेले असते, काही यंत्रांत ड्रम वेगळा बदलावा लागतो, आणि वार्षिक देखभालीच्या करारात ड्रम, टोनर वितळविणारा फ्यूझर व कागद ओढणारे रोलर अंतर्भूत आहेत किंवा नाहीत यावरूनच त्या कराराचे खरे मूल्य ठरते. तुलनात्मक तक्त्यात म्हणूनच पाच वर्षांचा एकूण खर्च असा एक रकाना असावा. पुढे आमच्याही मंडळाने तो मान्य केला, आणि पहिल्या क्रमांकाचे दरपत्रक त्या रकान्यामुळे शेवटी गेले.

कोकणात कागदाची निगा हा स्वतंत्र विषय आहे. जून ते सप्टेंबर या काळात उघडा ठेवलेला रीम हवेतील ओल शोषून घेतो, फ्यूझरच्या उष्णतेने ती ओल बाहेर पडताना पान वळते, आणि यंत्रात अडकते. मग दोष यंत्रावर येतो. रीमचे वेष्टन लागेल तेव्हाच फोडावे, दिवस संपल्यावर ट्रेमधला कागद बंद डब्यात ठेवावा, आणि ७५ जीएसएमपेक्षा हलका कागद पावसाळ्यात वापरू नये. लेझर प्रिंटर संगणकाच्या लहान यूपीएसवर जोडू नये, कारण फ्यूझर तापताना एकदम मोठा विद्युतप्रवाह ओढतो. शाईचा प्रिंटर उलट फार काळ बंद ठेवू नये. छिद्रांत शाई सुकते आणि ती स्वच्छ करण्यातच बरीच शाई खर्ची पडते. प्रत्येक मेजावर निरनिराळ्या जातीचा प्रिंटर म्हणजे कपाटात निरनिराळी कार्ट्रिजे आणि ३१ मार्चच्या सायंकाळी नेमके हवे तेच नाही, हे मी पाहिले आहे. एकाच जातीची दोन यंत्रे, नेटवर्कला थेट जोडलेली, आणि एक भरलेले टोनर सदैव शिलकीत, ही व्यवस्था मला सर्वांत समाधानकारक वाटली.

भाड्याने घेतलेल्या मोठ्या बहुउद्देशीय यंत्रांबाबत मात्र अधिक सावध राहावे. त्यांपैकी अनेकांत हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या व नकललेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यात साठून राहू शकतात. अमेरिकेत एका आरोग्यविमा संस्थेने भाड्याची कॉपियर यंत्रे आतील माहिती न पुसता परत केली, सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांची माहिती उघड होण्याचा धोका निर्माण झाला, आणि २०१३ साली त्या संस्थेस १२ लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. सभासदांचे आधार क्रमांक आणि तारणाचे दस्तऐवज ज्या यंत्रातून गेले ते यंत्र परत करताना डिस्क पुसल्याचे लेखी प्रमाणपत्र मिळेल, अशी अट भाडेकरारातच घालून घ्यावी. स्वतःच्या मालकीची यंत्रे निकामी झाल्यावरही हीच दक्षता हवी. आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या सूचीत प्रिंटर कार्ट्रिजांसह समाविष्ट असल्यामुळे, निर्लेखनाचा ठराव झाला म्हणजे ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर न चढविता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावीत, आणि त्याची पावती जडसंग्रह नोंदवहीतील त्या यंत्राच्या नोंदीस जोडून हिशेबतपासनिसास दाखवावी.