मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरचे आयुष्य : पुनर्वसन-संशोधनातील करिअर

मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तींचे आणि त्यांची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांचे पुनर्वसन हे एक स्वतंत्र संशोधनक्षेत्र आहे, आणि कागलपासून जवळच असलेल्या कोल्हापुरात त्या क्षेत्राशी निगडित काम कित्येक वर्षांपासून चालू आहे, ही गोष्ट करिअरचा विचार करणाऱ्या कुटुंबांच्या सहसा लक्षात येत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालच्या संवेदना गमावलेल्या नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड’ ही संस्था स्थापन झाली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. वसतिगृह, शिक्षण आणि रोजगार यांची सांगड घालणाऱ्या या कामातून जे प्रश्न पुढे आले, तेच पुनर्वसन-संशोधनाचेही प्रश्न आहेत.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून निघालेले आदेश शरीरापर्यंत आणि शरीराच्या संवेदना मेंदूपर्यंत पोहोचवणारा, पाठीच्या कण्यातून जाणारा चेतातंतूंचा जुडगा. मानेच्या भागात त्याला जबर इजा झाली तर हात आणि पाय दोन्ही निकामी होऊ शकतात, छातीच्या किंवा त्याखालच्या भागात झाली तर बहुधा हात शाबूत राहून पाय लुळे पडतात, आणि इजा पूर्ण आहे की अपूर्ण यावर किती शक्ती परत येईल हे बरेचसे अवलंबून असते. शस्त्रक्रियेने मोडलेला मणका स्थिर करता येतो, परंतु तुटलेले चेतातंतू पूर्ववत जोडण्याचा खात्रीचा उपाय अद्याप उपलब्ध नाही. म्हणून रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरची वर्षे कशी जातील हे ठरवण्यात पुनर्वसनाचा वाटा फार मोठा असतो.

एके काळी ही वर्षे फार थोडी असत. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडी कुजून होणारे शय्याव्रण, म्हणजे बेडसोर, आणि लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग यांनीच बहुतेक रुग्ण दगावत. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णांना ठराविक वेळाने कुशीवर वळवण्याची, मूत्राशयाची निगा राखण्याची आणि खेळाला उपचाराचा भाग मानण्याची शिस्त घातली, आणि १९४८ मध्ये तेथे सुरू झालेल्या स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, तरीही १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर जलतरणात त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. त्या यशामागे त्यांची जिद्द होती तशीच या उपचारपद्धतीची परंपराही होती.

या क्षेत्रातील शोध दिखाऊ नसतात, आणि हे विद्यार्थ्याने आरंभीच मनाशी पक्के करावे. १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीस यांनी असे दाखवून दिले की मूत्राशय रिकामे करण्यासाठी नळी निर्जंतुकच असली पाहिजे असे नाही, ती स्वच्छ असली आणि ठरलेल्या वेळी नियमित वापरली तरी पुरते. एवढ्या साध्या निष्कर्षाने जगभरातील असंख्य रुग्णांची मूत्रपिंडे वाचली आणि रुग्णालयावरचे त्यांचे अवलंबनही कमी झाले. अशा प्रकारचे कितीतरी प्रश्न कागल तालुक्यात अजून विचारलेच गेलेले नाहीत. येथून पुणे-बंगळुरू महामार्ग जातो, पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे, शेतात विहिरी आणि उंच झाडे आहेत, आणि भारतात मज्जारज्जूच्या दुखापतींची प्रमुख कारणे वाहन अपघात व उंचावरून पडणे हीच आहेत. उंबरठा, चिखलाची वाट आणि घराबाहेरचा संडास असलेल्या घरात चाकाची खुर्ची कशी चालावी, पावसाळ्यात ओलसर गादीवर बेडसोर कसे टाळावेत, याची उत्तरे परदेशी ग्रंथांत आयती मिळत नाहीत.

सेवा करणाऱ्यांचा अभ्यास हा या क्षेत्राचा दुसरा, आणि दुर्दैवाने दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. रुग्णाला दर काही तासांनी कुशीवर वळवणारी, उचलून खुर्चीत बसवणारी व्यक्ती बहुधा पत्नी, आई किंवा सून असते. तिची कंबर धरते, झोप मोडते, मजुरी बुडते, आणि गोठ्यातील म्हशींची धारही तिलाच काढायची असते. काळजीवाहकावर पडणारा ताण मोजण्यासाठी संशोधक प्रश्नावल्या वापरतात. त्यांपैकी झारिट यांची प्रश्नावली सर्वत्र प्रसिद्ध आहे, पण गोठा, ऊस आणि एकत्र कुटुंब यांचा हिशेब तिच्यात नाही. तो हिशेब मांडणारी मोजपट्टी या मातीत वाढलेला संशोधकच अधिक चांगली तयार करू शकेल.

येथपर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम व हालचालींद्वारे शक्ती परत मिळवून देणारी उपचारशाखा, तर ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे जेवणे, कपडे घालणे, नोकरी करणे अशी रोजची कामे पुन्हा शिकवणारी शाखा. महाराष्ट्रात दोन्हींच्या पदवी-प्रवेशासाठी नीट परीक्षा द्यावी लागते. फिजिओथेरपीची महाविद्यालये कोल्हापूर व कराड येथे आहेत, मात्र ऑक्युपेशनल थेरपीची थोडीच असून त्यांतील जुनी नावे मुंबईतील केईएम, नायर व शीव आणि नागपूरचे शासकीय महाविद्यालय ही होत. एमबीबीएसनंतर पुनर्वसनवैद्यकात एमडी करता येते. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या विषयाची महत्त्वाची जागा आहे आणि कृत्रिम अवयव व आधारसाधनांचे शिक्षणही तेथे मिळते. यंत्रांची आवड असणाऱ्याने आयआयटी मद्रासचे उदाहरण पाहावे, जेथील पुनर्वसन-उपकरण केंद्राने बसलेल्या माणसाला उभे करणारी ‘अराइज’ ही चाकाची खुर्ची २०१९ मध्ये आणली. फाउंड्री आणि यंत्रकामाची परंपरा असलेल्या कोल्हापूर परिसरातून असे अभियंते का निघू नयेत, हा प्रश्न रास्त आहे.

पालकांच्या मनातील आर्थिक काळजीही तितकीच रास्त आहे. पदवी व पदव्युत्तर शिक्षणाला साधारण साडेसहा ते सात वर्षे आणि पीएचडीला त्यापुढे किमान तीन वर्षे लागतात, संशोधनातील उत्पन्न सावकाश वाढते, आणि अनेक जण रुग्णसेवा करीतच संशोधन चालू ठेवतात. एमबीबीएस हुकले म्हणून नाइलाजाने निवडण्याची ही शाखा नव्हे. तशा मनाने आलेला विद्यार्थी येथे टिकत नाही.

या शिक्षणाचा कुटुंबांना आणखी एक उपयोग होतो. हताश नातेवाइकांना मूलपेशींच्या उपचारांचे महागडे आश्वासन अनेक ठिकाणी दिले जाते, परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य अपवाद वगळता असे उपचार केवळ मंजूर चाचणीतच करता येतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २०१८ मध्ये मज्जारज्जूला विद्युत-उद्दीपन देऊन काही रुग्णांना आधाराने पावले टाकता आली, हे खरे संशोधन आहे. त्याच्या नावाने गावोगावी होणारी विक्री हे संशोधन नव्हे. हा फरक घरातल्या माणसांना मराठीत समजावून सांगणारे कोणी तालुक्याच्या ठिकाणी असणे अत्यंत गरजेचे आहे.

ज्यांना स्वतःला अशी दुखापत झालेली आहे त्यांच्यासाठीही हे क्षेत्र खुले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, आणि मुंबईत २००१ साली नीना फाउंडेशन स्थापन करणाऱ्या डॉ. केतना मेहता यांना स्वतःला मज्जारज्जूची दुखापत झालेली आहे. दहावीनंतर लगेच शाखा निश्चित करता येत नसेल, तर अकरावीला जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे, कारण उपचारशाखांना पहिला विषय लागतो आणि उपकरणांच्या अभियांत्रिकीला दुसरा. आणि सुट्टीत, रीतसर परवानगी घेऊन, पुनर्वसन केंद्रातील एक पूर्ण दिवस सकाळच्या स्नानापासून रात्री कुशीवर वळवण्यापर्यंत जवळून पाहावा.