खोपोली ते खंडाळा : अंतर किती?

मुलांनो, खंडाळ्याच्या कड्यावरून खाली पाहिले की खोपोली अगदी पायाशी दिसते. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम ४-५ कि.मी. भरते. पण रुळांवरून जायचे, तर खोपोलीहून आधी १५ कि.मी. मागे कर्जतला आणि तेथून सुमारे २४ कि.मी. घाट चढून खंडाळ्याला. चाराचे एकोणचाळीस झाले!

हा वळसा का, ते पाहू. खंडाळा खोपोलीपेक्षा सुमारे ५०० मीटर उंच आहे. सरळ रूळ टाकले, तर दर ८ मीटरला १ मीटर चढावे लागेल. अशा चढावर गाडीच्या वजनाचा सुमारे आठवा भाग तिला मागे ओढतो. समजा, इंजिनासह गाडीचे वजन १,००० टन आहे. म्हणजे १२५ टन वजनाइतका ओढा झाला. इंजिन स्वतः १२० टनांचे धरू. पोलादी चाकाची पोलादी रुळावरची पकड, रूळ कोरडे असताना, चाकावरील भाराच्या साधारण पावपट असते. म्हणजे ३० टन. अश्वशक्ती कितीही वाढवा, चाके जागच्या जागी गरगर फिरतील.

म्हणून बोरघाटात जास्तीत जास्त चढ ३७ मीटरला १ मीटर ठेवला आहे. आता ओढा २७ टनांवर येतो. तरीही हाती उरतात फक्त ३ टन, आणि पावसात रूळ ओले झाले की पकड आणखी घटते. कर्जतला गाड्यांच्या मागे रेटणारी इंजिने (रेल्वेच्या भाषेत 'बँकर') जोडतात, ती याच कारणाने. पण ५०० मीटर चढायला आता ५०० × ३७ = १८,५०० मीटर, म्हणजे साडेअठरा कि.मी. रूळ हवेत. ते ४ कि.मी.त मावणार कसे? लोहमार्ग अलीकडे पळसदरीहूनच डोंगराच्या अंगाने चढू लागतो, तो यासाठी.

ही लांबी फार महाग पडली. रेल्वे खोपोलीला १८५६ साली पोचली. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ साली जोडला गेला. तोवर उतारू खोपोलीला उतरत आणि १८३० साली खुल्या झालेल्या घाटरस्त्याने पालखीतून, तट्टावरून वर येऊन पुन्हा गाडीत बसत. घाटाच्या कामावर एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने, तापाने आणि सुरुंगांच्या अपघातांत त्यांतले हजारो दगावले. आपण खिडकीतून बोगदे मोजतो, तेव्हा हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आता वेळेचा हिशेब. पुणे-मुंबई लोहमार्ग १९२ कि.मी.चा, त्यात कर्जत-लोणावळा घाट २८ कि.मी. सोयीसाठी धरू, की गाडी घाटात ताशी २८ आणि इतरत्र ताशी ८२ कि.मी. धावते. सरासरी वेग किती? पुष्कळजण २८ आणि ८२ यांची बेरीज करून निम्मे करतात आणि ५५ सांगतात. चूक! घाटाला १ तास, उरलेल्या १६४ कि.मी.ला २ तास; म्हणून १९२ ÷ ३ = ६४. अंतराचा सातवा भाग वेळेचा तिसरा हिस्सा खातो, हेही ध्यानात घ्या.

आता तुम्ही करून पाहा : अर्धा तास वाचवायचा आहे. केवळ घाटातला वेग वाढवला, तर तो किती करावा लागेल? आणि केवळ सपाटीवरचा वाढवला, तर किती?