रुग्णवाहिका : वाहन एकदा, वेतन दरमहा

अपघात, सर्पदंश किंवा अडलेली बाळंतीण अशा प्रसंगी पहिल्या तासातील उपचारावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. म्हणूनच महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत ‘१०८’ या क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा सुरू झाली. तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक, तर ७०४ मूलभूत जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. अनेक राज्यांत अशा वाहनावर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो; महाराष्ट्राने मात्र चालकासोबत डॉक्टर नेमण्याची पद्धत स्वीकारली.

केंद्राच्या मानकानुसार एक लाख लोकसंख्येमागे एक मूलभूत आणि पाच लाखांमागे एक प्रगत रुग्णवाहिका असावी. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक होती. या हिशेबाने प्रगत वाहनांचे प्रमाण मानकाइतके भरते. मूलभूत वाहन मात्र सुमारे १ लाख ६० हजारांमागे एक पडते.

तथापि केवळ वाहनांच्या संख्येवरून सेवेचे मोजमाप करणे योग्य होणार नाही. आठवड्याचे तास १६८ आणि एका कर्मचाऱ्याचे कामाचे तास ४८ धरले, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा व आजारपण जमेस धरता ही संख्या चारवर जाते. ९३७ वाहनांवर प्रत्येकी एक डॉक्टर व एक चालक सतत हजर ठेवावयाचा, तर रजेचे बदली कर्मचारी सोडूनही साडेसहा हजारांवर माणसे हवीत.

खर्चाचेही असेच आहे. वाहनखरेदी हा एकवेळचा भांडवली खर्च. वेतन, इंधन, टायर, विमा, औषधे व प्राणवायू हा आवर्ती खर्च होय. राष्ट्रीय आरोग्य अभियानात ‘१०८’ सेवेच्या चालू खर्चासाठी केंद्राचे साहाय्य पहिल्या वर्षी ६०, दुसऱ्या वर्षी ४० आणि पुढे २० टक्के, असे उतरत्या क्रमाने ठरविण्यात आले होते. म्हणजे सेवा जुनी होत जाते, तसतसा राज्याच्या तिजोरीवरील भार वाढतो. वाहनेही याच काळात जुनी होऊन दुरुस्तीस येतात.

ग्रामपंचायती व पंचायत समित्यांनी यातून बोध घेणे अगत्याचे आहे. देणगीतून वा लोकप्रतिनिधींच्या निधीतून रुग्णवाहिका मिळाली, की गावास आनंद होतो. परंतु ती स्वीकारण्यापूर्वी रात्रपाळीचा चालक कोण, त्याचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून द्यावयाचे आणि पाचव्या वर्षी दुरुस्तीस पैसा कोठून येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरावात नोंदविली जावीत. दारात उभे असलेले, पण चालकावाचून न हलणारे वाहन रुग्णाच्या काय कामाचे? अंदाजपत्रकात प्रथम माणसांची तरतूद व्हावी, वाहनाची त्यानंतर.