वाटी रिकामी झाली म्हणजे दात बरे, असं नाही

कुत्र्यामांजरांच्या सहवासातून माझं एक मत पक्कं झालं आहे: वाटी चाटूनपुसून साफ होणं हा दात निरोगी असल्याचा पुरावा नव्हे. ‘नीट जेवतोय ना, मग काळजी कसली?’ याच भरवशावर आपण बहुतेक जण राहतो आणि तिथंच फसतो. दुखणं लपवणं हा या प्राण्यांचा स्वभाव आहे. एका बाजूची हिरडी सुजली की कुत्रा दुसऱ्या बाजूने चावतो, मांजर दाणे न चावताच गिळतं. जेवण सुटतं ते फार उशिरा. त्याआधी दिसतात तोंडाची दुर्गंधी, हिरडीच्या कडेची लाल रेघ, गळणारी लाळ, पंजाने तोंड घासणं. मांजर मासे खातं म्हणून वास येणारच, असं म्हणून ही खूण सोडून देऊ नये. निरोगी तोंडाला सतत घाण वास येत नाही.

कुत्र्याचे दात किडत नाहीत, असाही एक समज आहे. त्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असल्याने कीड कमी लागते, हे खरं. पण दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. पुढची हानी हिरडीखाली, नजरेआड होते: हाड झिजतं, दात हलू लागतो. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर सूज डोळ्याखाली येते आणि आपण डोळ्यात थेंब घालत बसतो. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत दातांची दाटी असल्याने धोका अधिक. मांजरांत तर दात मुळापासून विरघळत जाण्याचा आजार बराच आढळतो आणि त्याचा पुरता अंदाज एक्स-रे काढल्यावरच येतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे दात कोण घासतं, असं कुणी विचारेल. कुणीच नाही, पण त्यांची तोंडं उघडून पाहतं तरी कोण? ती दुखत नाहीत, असं आपण केवळ धरून चालतो. हाड चघळल्याने दात साफ होतात, हे म्हणणं अगदीच खोटं नाही, पण त्याच हाडाने दाढेचा तुकडाही उडतो आणि शिजवलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. डॉक्टरांकडे दात साफ करताना द्याव्या लागणाऱ्या भुलेची भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच आधी रक्ततपासणी करून घ्यावी. भूल न देता दात खरवडले, तर दिसणारा भाग चकचकीत होतो आणि हिरडीखालचा रोग तसाच राहतो.

तेव्हा रोज ब्रश करावा. आधी बोटाने ओठ उचलण्याची सवय लावावी, मग बोटाला गुंडाळलेलं मऊ कापड, मग मऊ ब्रश. दातांची बाहेरची बाजू आणि हिरडीची कड घासली तरी बरंच साधतं. पेस्ट प्राण्यांचीच हवी. आपली पेस्ट ते गिळतात. तिच्यातलं फ्लोराइड त्यांना बाधतं आणि काही पेस्टमध्ये असणारं झायलिटॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. हिरड्या आधीच सुजल्या असतील, तर ब्रशआधी डॉक्टर गाठावा. एरवीही वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावं. कुत्र्याचे 42 दात आणि मांजराचे 30, त्यांची राखण आपल्याच हाती आहे. आज संध्याकाळी त्याचा ओठ हळूच वर करा आणि मागच्या दाढा नीट पाहा.